एकेका चौकटीने : हिरोशिमा आंतरराष्ट्रीय अॅनिमेशन महोत्सवाची चाळीस वर्षं

हिरोशिमा शहराने १९८५च्या ऑगस्ट महिन्यात अॅनिमेशनपटांचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला, तेव्हा अणुबॉम्बच्या घटनेला चाळीस वर्षं झाली होती. आता त्या महोत्सवाच्या आरंभालाही चाळीस वर्षं होऊन गेली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता जे शहर भाजून निघालं, जिथे त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, त्या शहराने हलत्या चित्रांच्या स्पर्धेला आपल्या नावाशी जोडून घ्यावं, ही साधी गोष्ट नाही. प्रेम आणि शांतता हे महोत्सवाचं ब्रीद. त्याचा शुभंकर ‘लॅपी’ याचं नावही ‘लव्ह अँड पीस’ यावरूनच घेतलेलं.

ब्रीद असं असलं, तरी स्पर्धकांना ‘शांतता’ हा विषय बांधून दिलेला नव्हता, आणि या संस्थेचा इतिहास लिहिताना आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत शांततेचा विषय दिला की कबुतरं आणि हातात हात घातलेली मुलं यांची रांग लागते, हे अॅनिमेशन शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हिरोशिमाने तसं केलं नाही. जगभरच्या चित्रकारांनी आपल्याला हवं ते करून आणावं, एका सभागृहात बसून एकमेकांचं काम पाहावं, विद्यार्थ्याने उस्तादाशेजारी बसावं आणि मधल्या वेळात सर्वांनी या शहरातून पायी फिरावं, एवढी सोय त्यांनी केली. चाळीस वर्षांत या सोयीतून काय काय उगवलं, त्याची ही नोंद.

पूर्वपीठिका : १९६० ते १९७४

महोत्सवाचं मूळ फ्रान्समधल्या आन्सी गावापर्यंत जातं. १९६० साली तिथे जगभरच्या अॅनिमेशन कलावंतांनी ‘आसिफा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. शीतयुद्ध ऐन भरात होतं. प्राग, झाग्रेब, मॉस्को इथले चित्रकार आणि लंडन, माँट्रियल, न्यूयॉर्क इथले चित्रकार यांना एकमेकांचं काम पाहायची संधी क्वचितच मिळे. ती मिळावी, हा संघटनेचा पहिला हेतू.

आसिफाचे पहिले अध्यक्ष नॉर्मन मॅक्लॅरेन. त्यांचा ‘नेबर्स’ हा १९५२चा आठ मिनिटांचा चित्रपट अॅनिमेशनच्या प्रत्येक वर्गात दाखवला जातो. दोन शेजारी, दोघांच्या हद्दीवर उगवलेलं एक फूल, आणि त्या फुलापायी दोघांचा सर्वनाश. मॅक्लॅरेननी यात चित्रं काढलीच नाहीत. जिवंत माणसांना एकेका चौकटीसाठी उभं करून बाहुल्यांसारखं हलवलं. या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. युनेस्कोच्या कामासाठी मॅक्लॅरेन त्याआधी चीनमध्ये राहून आले होते आणि पुढे भारतातही आले. कमी खर्चात, हाताशी असेल त्या साहित्यातून लोकशिक्षणाची चित्रं कशी करायची, हे शिकवणं हे त्यांचं काम होतं. म्हणजे आसिफाच्या मुळाशी शांतता आणि शिक्षण ही दोन्ही सूत्रं पहिल्यापासून होती.

एका चौकटीनंतर दुसरी चौकट, हे तंत्र आपल्याकडेही जुनंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी रोपाचा अंकुर वाढताना टिपला आणि ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, त्या याच वाटेने. मराठी वाचकाला म्हणून हा इतिहास परका वाटायचं कारण नाही.

१९७४ ते १९८४ : आठवणींची चित्रं

१९७४ साली ७७ वर्षांचे एक गृहस्थ हिरोशिमाच्या एनएचके या नभोवाणी-दूरचित्रवाणी केंद्रात एक चित्र घेऊन आले. त्यांनी २९ वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेलं ते दृश्य होतं. केंद्राने मग नागरिकांना आवाहन केलं : तुम्हाला आठवतं ते काढून पाठवा. शेकडो चित्रं आली. काढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शाळा सोडल्यावर हातात रंग धरलेला नव्हता. कुणी जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर काढलं, कुणी मुलांचे खडू वापरले. चित्रात जे मावलं नाही, ते बाजूला शब्दांत लिहिलं : ही बाई पाणी मागत होती, या घोड्याचा रंग असा झाला होता. प्रमाण चुकलेलं, हातपाय बेढब, पण खोटी रेघ एकही नाही.

ही चित्रं रेन्झो आणि सायोको किनोशिता या दांपत्याच्या मनात घर करून बसली. रेन्झो मूळचे ओसाकाचे, जन्म १९३६चा. ‘स्टुडिओ लोटस’ या त्यांच्या छोट्याशा स्टुडिओत दोघं मिळून स्वतःचे लघुपट करत. त्यातल्या १९७२च्या ‘मेड इन जपान’ने परदेशात नाव मिळवलं होतं. नागरिकांच्या चित्रांवरून त्यांनी १९७८ साली ‘पिका-डोन’ पूर्ण केला. हिरोशिमाची माणसं त्या क्षणाला याच नावाने ओळखत : आधी लखलखाट, मग गडगडाट. चित्रपट दहा मिनिटांच्या आत संपतो. संवाद नाही, निवेदन नाही. सुरुवातीचा मोठा भाग निव्वळ एक सकाळ आहे. माणसं कामाला निघालीत, आई तान्ह्याला पाजतेय, पोरगं कागदी विमान उडवतंय. रेषा गोल, मऊ, मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातल्यासारख्या. मग प्रकाश, आणि त्याच मऊ रेषा वितळायला लागतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात जे बघवलं नसतं, ते रेखाटनात बघावं लागतं. पाहणाऱ्याला मान वळवता येत नाही.

हा चित्रपट घेऊन किनोशिता दांपत्य देशोदेशीच्या महोत्सवांत गेलं. आन्सी, झाग्रेब, ओटावा इथे अॅनिमेशनचे महोत्सव जोमात होते. आशियात मात्र आसिफाच्या मान्यतेचा एकही नव्हता. तो आपल्याकडे असावा आणि असलाच तर हिरोशिमातच असावा, असं दोघांनी मनाशी धरलं. १९८१ साली त्यांच्या पुढाकाराने आसिफाची जपान शाखा उभी राहिली. पुढची तीन-चार वर्षं पत्रव्यवहार आणि बैठकांची. एका बाजूला हातावर मोजण्याइतके स्वतंत्र चित्रकार, दुसऱ्या बाजूला नगरपालिकेचं अंदाजपत्रक. तेव्हाचे महापौर ताकेशी अराकी स्वतः अणुबॉम्बमधून वाचलेले होते. १९८२ साली जगातल्या शहरांना अण्वस्त्रांविरुद्ध एकत्र येण्याचं आवाहन त्यांनीच केलं होतं. शांततेसाठी शहराने काही करावं, ही भूमिका पालिकेत रुजलेली होती. त्या भूमिकेत अॅनिमेशनला जागा मिळवून देणं, हे किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं कर्तृत्व.

१९८५ ते १९९४ : पहिली पावलं

पहिला महोत्सव भर उन्हाळ्यात झाला. शहरात ६ ऑगस्टचे विधी नुकतेच आटोपले होते, शाळांना सुट्ट्या होत्या. सर्वोच्च पारितोषिक मिळालं ओसामू तेझुका यांच्या ‘ब्रोकन डाउन फिल्म’ला. ‘अॅस्ट्रो बॉय’चे हे जनक तोवर जपानी चित्रकथेतलं सर्वांत मोठं नाव झाले होते. अशा माणसाने पाचेक मिनिटांचा एक खट्याळ लघुपट करून स्पर्धेत पाठवावा, यातच महोत्सवाची पत दिसली. जुन्या झिजलेल्या रिळावरचे ओरखडे, उड्या मारणारी चौकट, पडद्यावर अडकलेला केस या सगळ्यांशी त्यातला नायक झगडत राहतो. सभागृह हसत होतं. तेझुका सोळाव्या वर्षी ओसाकातल्या लष्करी कारखान्यात कामाला होते आणि तिथली बॉम्बफेक त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. युद्धाचं ओझं वाहणाऱ्या या माणसाला युद्धाच्या शहराने हसवण्याबद्दल गौरवलं, आणि शांततेच्या महोत्सवात काय चालेल याची चौकट पहिल्याच वर्षी मोकळी झाली.

त्या पहिल्या महोत्सवाच्या प्रेक्षकांत तोक्योच्या कलाशाळेतला एक विद्यार्थी होता : कोजी यामामुरा. आपल्या घडणीत ज्यांचा वाटा आहे असं ते सांगतात, त्यांत गुजरातेत जन्मलेले, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेलेले ईशू पटेल यांचं नाव आहे. पटेलांचा १९७७चा ‘बीड गेम’ ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी तो मिळवून पाहावा. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत मणी. कॅमेऱ्याखाली मणी हाताने सरकवायचे, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायचे. मण्यांचा एक जीव होतो, त्याला दुसरा गिळतो, त्याला तिसरा. जनावरं जाऊन माणसं येतात, माणसांच्या हाती शस्त्रं येतात, आणि शस्त्रं वाढत वाढत अणूपर्यंत पोचतात. तबल्याची साथ ज्ञानप्रकाश घोषांची. साडेपाच मिनिटांत उत्क्रांतीपासून अण्वस्त्रस्पर्धेपर्यंतचा प्रवास, एक शब्द न उच्चारता. भारतातल्या मुलांना हे नाव जपानकडून कळावं लागतं, याची खंत वाटते. आपल्या अभ्यासक्रमांनी ती दूर करायला हवी.

दुसरा महोत्सव १९८७चा. त्यात फ्रेडरिक बॅक यांच्या ‘द मॅन हू प्लँटेड ट्रीज’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ओसाड डोंगरात एकटा मेंढपाळ ओकच्या बिया टोचत राहतो. दोन महायुद्धं येऊन जातात, तो टोचतच राहतो आणि शेवटी रान उभं राहतं. बॅक यांनी दुधी पारदर्शक पत्र्यांवर रंगीत पेन्सिलने हजारो चित्रं काढली, त्यात कित्येक वर्षं गेली. हिरोशिमाच्या बक्षिसांत याहून समर्पक निवड क्वचितच झाली असेल. पुढल्या वर्षी त्याला ऑस्करही मिळालं.

तिसरा महोत्सव १९९०मध्ये झाला आणि तिथून दर सम वर्षी तो नेमाने भरू लागला. व्यवस्थेचा साचाही याच दशकात पक्का झाला. चित्रपट तीस मिनिटांच्या आतला हवा. आलेल्या सगळ्या चित्रपटांतून आधी निवड समिती चाळणी करी, मग वेगवेगळ्या देशांतून आलेले परीक्षक स्पर्धेतले चित्रपट प्रेक्षकांसोबत पाहत. निवड समिती आणि परीक्षक मंडळ दोन्हींत स्वतः पेन्सिल धरणारी माणसं असत. नवोदितांच्या पहिल्या कामासाठी वेगळं पारितोषिक होतं. स्पर्धेबाहेर विद्यार्थ्यांच्या चित्रपटांचे खास खेळ, शांततेवरच्या अॅनिमेशनचा स्वतंत्र कार्यक्रम आणि मुलांच्या कार्यशाळा हेही त्याच छपराखाली चाले.

याच काळात किनोशिता दांपत्याने ‘द लास्ट एअर रेड : कुमागाया’ केला. जपानच्या शरणागतीच्या आदल्या रात्री जळालेल्या एका गावाची ही गोष्ट. महोत्सव चालवणारेच चित्रपट करत राहिले, म्हणून महोत्सव कचेरीतल्या फायलींत अडकला नाही.

१९९५ ते २००४ : एक वियोग, एक वर्तुळ

जानेवारी १९९७मध्ये रेन्झो किनोशिता गेले. वय अवघं साठ. महोत्सवाचे पाच-सहा दिवस पडद्यावर दिसत असले, तरी त्यामागची दोन वर्षं दिसत नाहीत : पत्रं, रिळांची पार्सलं, सीमाशुल्काचे कागद, दुभाष्यांची जुळवाजुळव. ते सगळं रेन्झोंनंतर सायोकोंनी पेललं. महोत्सव संचालक म्हणून त्या पहिल्यापासूनच होत्या. पुढे त्या जागतिक आसिफाच्या अध्यक्षही झाल्या. रेन्झोंच्या नावाने एक पारितोषिक सुरू झालं. दोघांचा अखेरचा एकत्र चित्रपट ओकिनावावरचा होता, तो २००४ साली प्रेक्षकांपुढे आला.

या वर्षांत पालिकेच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानचे कर्मचारी, आसिफा-जपानचे सभासद, प्रोजेक्टर चालवणारे तंत्रज्ञ, दुभाषे आणि शहरातले स्वयंसेवक यांनी मिळून गाडा ओढला. त्यांची नावं पुरस्कारांच्या यादीत नसतात, म्हणून या लेखात त्यांना पहिला नमस्कार.

२००४चं सर्वोच्च पारितोषिक कोजी यामामुरांच्या ‘माउंट हेड’ला. एका कंजूष माणसाच्या डोक्यावर चेरीचं झाड उगवतं आणि त्याच्या छायेत सहलीला माणसांची झुंबड उडते, ही जुनी जपानी गप्पागोष्ट. त्याआधी हा चित्रपट आन्सीला पहिला आला होता आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. १९८५ साली प्रेक्षकांत बसलेला विद्यार्थी एकोणीस वर्षांनी त्याच महोत्सवाचा मानकरी ठरला. महोत्सवाचं शिक्षणकार्य किती झालं असं कुणी विचारलं, तर आम्ही हे उदाहरण पुढे करू.

२००५ ते २०१४ : घरातलं युद्ध

संगणक स्वस्त झाला आणि अॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्था जगभर वाढल्या. एका विद्यार्थ्याने आपल्या खोलीत बसून, टॅब्लेटवर चित्रपट पुरा करायचा, हे सर्रास झालं. हिरोशिमाकडे येणारे चित्रपट दोन हजारांच्या पुढे गेले. पण कष्ट तेच राहिले. सेकंदाला बारा चित्रं धरली, तरी पाच मिनिटांच्या चित्रपटाला ३,६०० चित्रं लागतात. लाइटबॉक्सवर कागद ठेवून काढा की पडद्यावर, ती एकेक करूनच काढावी लागतात. विद्यार्थी सहा महिने ‘इन-बिट्वीन’, म्हणजे मधली चित्रं, काढत बसतो, तेव्हा त्याला पुढे कुठेतरी एक अंधारं सभागृह आपल्यासाठी आहे, हे माहीत असणं फार मोठा आधार असतो. पारितोषिकाची रक्कम पुढच्या चित्रपटाला उपयोगी पडते हे खरंच, पण सभागृहाची ओढ त्याहून मोठी.

२००८ साली कुनिओ कातो यांच्या ‘ला मेझाँ आँ पती क्यूब’ला हिरोशिमा पारितोषिक आणि प्रेक्षकांचं पारितोषिक अशी दोन्ही मिळाली. पाण्याची पातळी चढत जाते, एक म्हातारा घरावर घर बांधत वर वर जातो आणि पाइप शोधायला खाली बुडी मारताना एकेका मजल्यावर आपलं आयुष्य पाहतो. काही महिन्यांनी त्याला ऑस्कर मिळालं.

२०१०चं सर्वोच्च पारितोषिक नॉर्वेच्या अनिता किली यांच्या ‘अँग्री मॅन’ला. घरात बाप चिडला की काय होतं, ते एका लहान मुलाच्या नजरेतून कागदी कापचित्रांत सांगितलंय. बाप फुगतो, खोली मावेनाशी होते, आई भिंतीसारखी मधे उभी राहते. शेवटी मुलगा राजाला पत्र लिहितो. युद्ध आणि शांततेच्या शहराने हा चित्रपट निवडला, याचं आम्हाला विशेष मोल वाटतं. शांतता ही राष्ट्रांच्या वाटाघाटीत असते तशी स्वयंपाकघरातही असते, आणि लहान मुलाला स्वयंपाकघरातल्या शांततेचीच गरज आधी भासते.

२०१४ साली रशियाच्या तरुण दिग्दर्शिका आन्ना बुदानोवा यांच्या ‘द वाउंड’ने पहिला मान मिळवला. एका मुलीचं दुखणं केसाळ प्राण्यासारखं तिच्यासोबत राहायला येतं आणि तिच्याबरोबर वाढत जातं. काळ्या रेषांतला हा चित्रपट पाहताना कुठल्याही प्रमाणपत्राची आठवण येत नाही.

आपल्याकडे त्याच काळात नीना सबनानी यांचा ‘मुकंद अँड रियाझ’ आला. कराचीतले दोन मित्र आणि १९४७ची फाळणी. कापडाच्या तुकड्यांच्या ठिगळकामातून सांगितलेली ही गोष्ट मुंबईच्या आयआयटीतल्या आणि अहमदाबादच्या वर्गांतल्या कित्येक मुलांनी पाहिली. विषय फाळणीचा असूनही त्यात कुणावर बोट रोखलेलं नाही. मुलांना शांततेवर चित्रपट करायला सांगायचं असेल, तर आधी हे दाखवावं.

२०१५ नंतर : नवी घडी

२०२० हे वर्ष कसोटीचं ठरलं. अठरावा महोत्सव करोनामुळे प्रेक्षकांविना झाला. चित्रपट आले, परीक्षण झालं, बक्षिसं जाहीर झाली, सभागृह मात्र रिकामं राहिलं. त्यानंतर शहराने आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांची फेरमांडणी केली. महोत्सवाचं स्वरूप बदललं, जबाबदाऱ्या बदलल्या. त्याबद्दल मतं वेगवेगळी होती आणि ती मांडणाऱ्या सर्वांचीच कळकळ खरी होती. जुन्या मंडळींनी पस्तीस वर्षांत उभं केलेलं नाव आणि विश्वास ही नव्यांना मिळालेली शिदोरी आहे, एवढं इथे नोंदवावंसं वाटतं.

२०२२ साली संगीत आणि माध्यमकला यांना एकत्र गुंफणारा हिरोशिमा आंतरराष्ट्रीय शांतता संस्कृती महोत्सव सुरू झाला. ‘हिरोशिमा अॅनिमेशन सीझन’ हा त्याचा अॅनिमेशनचा विभाग. त्याच्या कलासंचालकांपैकी एक होते कोजी यामामुरा. दुसरा ‘सीझन’ २०२४च्या ऑगस्टमध्ये झाला. मोठ्या लांबीच्या चित्रपटांनाही आता स्पर्धेत वाव मिळाला आहे. देशोदेशीच्या तरुण कलावंतांना शहरात काही काळ राहून काम करता यावं, म्हणून निवासी शिष्यवृत्तीसारखी योजना चालते. शिकणाऱ्यांसाठी वर्ग आणि भेटी असतात. जागतिक स्पर्धेच्या जोडीला पॅसिफिक भोवतालच्या देशांची आणि आशियाची स्वतंत्र स्पर्धा ठेवली आहे. पुण्यामुंबईच्या, कोल्हापूर-नाशिकच्या अॅनिमेशनच्या मुलांना याच दाराने आत जाता येईल. त्यासाठी शिक्षकांनी दुसऱ्या वर्षापासूनच मुलांना प्रवेशिकांची सवय लावावी आणि डिप्लोमाचा चित्रपट परीक्षेचे गुण मिळाल्यावर हार्डडिस्कमध्ये पडून राहू देऊ नये, अशी या निमित्ताने विनंती.